कड्यावर गरुडाचं घरटं सापडलंय, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचा एक ट्रेकिंग ग्रुप, पुण्यापासून दीडेक तासावरच्या गावामागे कड्यावर त्यांना काटक्यांचं मोठं घरटं दिसलं, गरुडाची जोडी ये-जा करत होती, आता गेले दहाएक दिवस त्यातली एक बसूनच आहे, गावातली पोरं आणि सरपंच आपण मिळून राखण करू म्हणतायत, आणि ग्रुपला विचारायचंय की किती लांबून बघायचं, कॅमेरा किंवा ड्रोन लावला तर चालेल का, पिल्लू कधी उडेल आणि नोंदी काय ठेवायच्या. गावाचं नावही होतं प्रश्नात, ते मी मुद्दाम गाळलंय. तुम्हीही ते यापुढे कुठे लिहू नका, आणि फोटो कुणाला पाठवलात तर त्यातलं लोकेशन आधी काढा.

मी शास्त्रज्ञ नाही, बँकेत नोकरी करते. पण गेली १६ वर्षं नोव्हेंबर ते एप्रिल माझे बहुतेक रविवार एकाच कड्यासमोर गेलेत, आणि सोबत कायम त्या गावातली माणसं होती. त्यातून जे शिकले ते सांगते, चुका धरून, कारण चुकाच जास्त कामाला येतात.

आधी पक्षी कोणता ते नक्की करा. तुमचा फोटो धूसर आहे पण पाठीवर मधोमध पांढरा ठिपका दिसतोय, पोट पांढरट आणि त्यावर काळ्या रेघा, शेपटीच्या टोकाला रुंद काळा पट्टा. हे सगळं जुळतं ते मोरघारीशी. बर्डिंगवाले हिला बोनेलीज ईगल म्हणतात. नावात घार असली तरी आहे ती पक्की गरुड, पंख पसरले की दीड मीटरच्या वर जातात. आपल्या शहरातल्या घारीची शेपटी टोकाला खाच असलेली असते, तिच्यात आणि हिच्यात गोंधळ व्हायला नको, पण गावात दोघींनाही घारच म्हणतात त्यामुळे "आमच्याकडे घारीचं घरटं आहे" असं कुणी सांगितलं तर एकदा जाऊन बघावं. सापमार गरुड पण पुण्याच्या माळांवर आहे, पण तो घरटं झाडाच्या शेंड्यावर बांधतो आणि अंडं एकच घालतो. शाहीन ससाणा कड्यावरच राहतो पण तो काटक्या आणून घरटं बांधायच्या भानगडीत पडतच नाही, कपारीत मोकळ्या जागेवरच अंडी घालतो. त्यामुळे कडा, काटक्यांचा ढीग आणि पाठीवरचा पांढरा ठिपका, माझ्या मते मोरघारच.

आता कॅलेंडर. आपल्याकडे यांची लगबग ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होते. नर-मादी उंच जाऊन वरखाली झोके घेतात, लाटेसारखं, तो प्रकार एकदा बघितला की माणूस कामातून जातो. मग घरट्याची डागडुजी. एका जोडीची दोन-तीन घरटीही असू शकतात आणि वर्षाआड बदलतात, म्हणून एखाद्या वर्षी रिकामं दिसलं तर लगेच रडायचं नाही. जुनं घरटं दरवर्षी भर पडून पडून दीड-दोन मीटर रुंद होतं, आमच्या इथले आबा त्याला "पाखराची बाज" म्हणतात. त्यात हिरव्या पानांच्या डहाळ्या आणून टाकतात, पिल्लं मोठी होईपर्यंत आणत राहतात. किडे-पिसवा लांब राहावेत म्हणून असं बरेच जण मानतात.

अंडी बहुतेक वेळा दोन. उबवायला साधारण ३७ ते ४० दिवस लागतात. बसायचं काम जास्त करून मादीचं, ती आकाराने मोठी असते, नर मधूनमधून तासभर बसतो आणि शिकार आणतो. तुमची मादी नवीन वर्षाच्या आसपास बसली असेल तर १० फेब्रुवारीच्या मागेपुढे पिल्लू बाहेर यायला हवं. ते कसं ओळखाल? अंडी दिसणार नाहीत आणि दिसायची गरजही नाही. मादी बसण्याऐवजी जरा उंच उभी राहायला लागते, मान खाली घालून काहीतरी बारीक बारीक करत असते, आणि नर शिकार आणायचं प्रमाण एकदम वाढवतो. तो भरवण्याचा क्षण असतो, एवढ्या मोठ्या चोचीने तांदळाएवढा मांसाचा तुकडा तोडून देते ती. पिल्लू पहिले तीनेक आठवडे पांढरं लोकरीच्या गोळ्यासारखं, मग काळी पिसं फुटतात, महिन्या-सव्वा महिन्यात अंगावर बऱ्यापैकी पिसारा येतो, मग स्वतः फाडून खायला लागतं. ६० ते ७० दिवसांच्या आसपास पहिलं उड्डाण. म्हणजे तुमच्याकडे एप्रिलचा मधला आठवडा धरा. उडालं म्हणजे संपलं असं नाही, पुढे दोनेक महिने ते आईबापाच्या जिवावरच असतं, त्याच डोंगराच्या आसपास.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण गावातल्या मुलांना धक्का बसतो. दोन पिल्लं झाली तर मोठं धाकट्याला टोचतं, खाऊ देत नाही, आणि कधी कधी धाकटं मरतं. प्रत्येक वेळी नाही, शिकार भरपूर असेल तर दोन्ही उडतात. पण झालं तर आपण काही करायचं नाही. आमच्या इथे एका वर्षी एक पोरगी रडत म्हणाली, ताई आपण चिकन टाकूया का खाली. तिला समजावताना मलाच घशाशी आलं होतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, किती लांबून. माझं उत्तर समोरच्या धारेवरून, निदान ३०० ते ४०० मीटर, आणि घरट्याच्या उंचीला किंवा त्याच्या खाली. वरून कधीच नाही. कड्याच्या माथ्यावर माणूस दिसला की त्यांना ते सगळ्यात जास्त खटकतं. साध्या ८ बाय ४२ दुर्बिणीतून हालचाल कळते, बारकावे बघायला स्कोप (तिकाटण्यावरची मोठी एकनळी दुर्बीण) हवा, पण तो दहा जणांत एक पुरतो, भाड्याने नाहीतर मागून आणा.

हे मी इतकं ठासून सांगते कारण दुसऱ्या वर्षी आम्ही नेमकं उलटं केलं होतं. अकरा जण होतो, हौस दांडगी, माथ्यावर जाऊन कठड्यासारख्या खडकावर बसलो, खाली घरटं स्पष्ट दिसत होतं, पांढरट अंडीसुद्धा. मादी उठली आणि गेली. आम्ही म्हटलं येईल परत. ती वर घिरट्या घालत ओरडत राहिली आणि आम्ही येडे "काय मस्त दिसतेय" म्हणून फोटो काढत बसलो. पाऊण-एक तास गेला. जानेवारी असला तरी दहा-साडेदहाला कड्यावरचं ऊन काय असतं ते तुम्हाला माहितीये. त्या वर्षी अंडी फुटलीच नाहीत. मादी मुदत उलटून गेल्यावरही दोन आठवडे तशीच बसून होती, मग एक दिवस उठली ती उठलीच. आमच्यामुळेच झालं असं शपथेवर नाही सांगता येणार, अंडी अशीही वाया जातात, पण मी ते आमच्याच खात्यावर टाकलंय.

तर पक्षी काय सांगतोय ते बघायला शिका. बसलेली मादी मान वर करून तुमच्याकडे टक लावून बघायला लागली, की तुम्ही जवळ आहात. उभी राहिली की मागे फिरा, बोलत न बसता. उडून तुमच्या डोक्यावर ओरडायला लागली तर लगेच निघा आणि त्या दिवशी परत तिकडे फिरकू नका. सगळ्यात नाजूक काळ दोन, अंडी असतानाचा आणि पिल्लू पहिले तीन आठवडे असतानाचा, म्हणजे तुमच्यासाठी आत्तापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे दुपारी चटका बसतो, तेव्हा मादी पंख अर्धवट उघडून पिल्लावर छत्रीसारखी उभी असते. ती उठली की पिल्लू उघड्या उन्हात. आणि हो, शेवटच्या दहा-बारा दिवसांत पण सांभाळा, अर्धवट तयार पिल्लू दचकून लवकर उडी मारतं.

कॅमेरा. घरट्यापाशी कुणालाही चढवायचं नाही, दोर लावून तर नाहीच. परदेशात घरट्यावर लाइव्ह कॅमेरे असतात ते मोसम सुरू व्हायच्या आधी, परवानगी घेऊन, अनुभवी माणसांनी बसवलेले असतात, आपण जानेवारीत ऑनलाइन मागवलेला कॅमेरा ट्रॅप (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) कड्याला बांधणं म्हणजे तो प्रकार नव्हे. वन खात्याच्या हद्दीत असेल तर परवानगीचा विषय आहेच, आणि वन्यजीव कायदा १९७२ खाली पक्ष्याला आणि घरट्याला त्रास देणं हा गुन्हा आहे. ड्रोनबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या डोंगरावर एकदा प्री-वेडिंग शूटवाले आले होते, नवरा-नवरी मावळ्याच्या वेशात, आणि त्यांचा ड्रोन कड्यासमोर भुणभुणायला लागला. नर सरळ त्याच्यावर झेपावला. ड्रोन कुठेतरी करवंदीच्या जाळीत गेला, पक्ष्याला काही झालं नाही हे नशीब, पात्यांनी नखं नाहीतर पंख कापला असता. फोटोग्राफर आमच्याशी भांडत होता नुकसानभरपाईसाठी. गावातल्या मावशींनी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

आता गावाबद्दल, आणि इथे जरा पसरट लिहिते कारण पुण्याहून जाणारे ग्रुप इथेच घोळ घालतात.

आपण रविवारी जातो. सोमवार ते शनिवार डोंगर कुणाचा असतो? गुरं नेणाऱ्यांचा, धनगरांचा, सरपण आणणाऱ्या बायकांचा. त्यांना ती जोडी आपल्यापेक्षा वीस वर्षं जास्त माहितीये. आमच्या आबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "तुमी ज्या कपारीकडं बघताय ती जुनी, औंदा ती पल्याडच्या अंगाला बसलीये." आम्ही दोन रविवार रिकाम्या घरट्याला दुर्बीण लावून बसलो होतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे जाऊन ऐकणं, पीपीटी घेऊन जाऊ नका.

आणि राग असेल तर तोही ऐका. मोरघार पारवे, तितर, ससे, खारी, घोरपडी, मुंगूस असं बरंच काही मारते, जोडीने शिकार करते, एक उठवतो दुसरा झडप घालतो. आणि गावठी कोंबडीही उचलते. ज्या मावशीची अंड्यावरची कोंबडी गेली तिला "निसर्गाचा समतोल" सांगायला जाऊ नका. आमच्याकडे आम्ही तीन घरांना कोंबडीच्या पिल्लांसाठी झाकलेले खुराडे करून दिले, जाळी आणि लाकूड मिळून खर्च फार नव्हता, वर्गणी काढली. त्यानंतर गलोल घेऊन कुणी डोंगराकडे गेलं नाही. एवढ्या एका गोष्टीने जे झालं ते आमच्या चार वर्षांच्या भाषणांनी झालं नव्हतं.

राखण करणाऱ्या पोरांना मानधन द्या, थोडं का होईना, आणि नियमित द्या. कोकणात वेळासला कासवांच्या बाबतीत हेच दिसतं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे काम उभं केलं, पण ते टिकलं कारण घरटी राखायला गावातलेच लोक होते आणि पुढे पिल्लं बघायला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत राहून जेवू लागले. फक्त एक फरक लक्षात घ्या. कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना लोक बघू शकतात, गरुडाच्या घरट्याची जत्रा करता येत नाही. तेव्हा "ईगल फेस्टिव्हल" वगैरे जे तुमच्या सरपंचांच्या डोक्यात आहे ते जरा थंड करा. पाहुणे आणायचेच तर पावसाळ्यानंतर फुलं बघायला आणा.

कागदावरही आणा हे काम. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, २००२ च्या कायद्याने, आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. पुण्याच्याच माधव गाडगीळांनी ही कल्पना पुढे रेटली. बऱ्याच गावांत ती वही कपाटात असते. ती बाहेर काढून त्यात मोरघारीची नोंद करायला लावा, पण कडा कुठला ते मोघमच ठेवा. तुमच्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकालाही पहिल्याच आठवड्यात भेटा, तो आपला माणूस झाला तर निम्मी कामं होतात.

नोंदी साध्या ठेवा. शंभर पानी वही, पेन्सिल. तारीख, किती ते किती वाजता बसलात, कोण होतं, ऊन-ढग-वारा, घरट्यावर कोण, किती वाजता उठली किती वाजता बसली, काय शिकार आली, ओळखता आली नाही तर "ओळखलं नाही" असंच लिहा. आणि काही झालं नाही तरी लिहा. "८ ते ११, मादी बसून, नर आला नाही" ही पण नोंदच आहे, उलट तीच जास्त असतात. त्रास देणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा रकाना करा: ट्रेकर, गुरं, कुत्री, ड्रोन, आग. आमच्या वहीत तीन वर्षांनी तो रकाना मोजला तर रविवारचा त्रास बाकी सगळ्या दिवसांपेक्षा जास्त निघाला, म्हणजे त्रास देणारे कोण तर आपल्यासारखेच! त्यावरून गावाने फेब्रुवारी संपेपर्यंत कड्याच्या माथ्यावरची वाट बंद केली, दोन दगड आणि एक पाटी, बस. पाटीवर गरुडाचा उल्लेख नाही, "आग्या मोहोळ आहे, जाऊ नये" एवढंच लिहिलंय. खोटं पण नाही, मोहोळ आहेच. त्याला सगळे घाबरतात.

खरा धोका मात्र दुसरीकडे असतो. वणवा. आपल्याकडे गवत वाळतं आणि जानेवारी ते एप्रिल डोंगर पेटतात, कुणी नवं गवत चांगलं यावं म्हणून लावतं, कुणी बिडी टाकतं, आणि नेमका तोच घरट्याचा काळ. धूर कड्यावर चढतो. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायचं काम अजून केलं नसेल तर ह्याच आठवड्यात करा, वन खात्याला सोबत घेऊन, गावातली पंधरा माणसं दोन दिवसांत करतात. दुसरं म्हणजे विजेचे खांब. नवखं पिल्लू खांबावर बसतं, पंख मोठे, दोन तारांना लागले की खेळ खलास. आम्हाला एकदा ट्रान्सफॉर्मरखाली मेलेलं सापडलं, उडून महिनासुद्धा झाला नव्हता. तारांवर आवरण घालायचं पत्र संबंधित ऑफिसात दिलं, आठ महिने फिरलो, शेवटी झालं. तुम्ही आत्ताच डोंगराच्या एक-दोन किलोमीटरमधले खांब बघून फोटोसकट अर्ज द्या म्हणजे एप्रिलपर्यंत काहीतरी हलेल. संक्रांतीनंतर झाडांवर अडकलेला मांजा गोळा करायचं काम शाळेच्या पोरांना द्या, ती खूश होऊन करतात.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर? आधी लांबून बघा. नुकतं उडालेलं पिल्लू खडकावर, झुडपात, कधी जमिनीवर तासन् तास बसतं आणि आईबाप तिथे आणून भरवतात. त्याचा रंग आईबापापेक्षा वेगळा असतो, खालून तांबूस, म्हणून लोक वेगळाच पक्षी समजतात. कुत्री लांब ठेवायची आणि थांबायचं. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा संध्याकाळपर्यंत कुणी आलंच नाही तर वन खात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. बावधनला उपचार केंद्र आहे, तिथे नेता येतं. दूध, पाणी, खिमा काही भरवू नका. जाड कापड टाकून, नखांपासून जपून, अंधाऱ्या खोक्यात ठेवा, भोकं पाडलेलं. यांची चोच नाही, नखं लागतात, माझ्या मनगटावर खूण आहे.

येत्या रविवारी जाताना चारच जण जा, बाकीच्यांना पाळी लावा. भडक टी-शर्ट नकोत, ब्लूटूथ स्पीकर नको. सकाळी सातच्या आत समोरच्या धारेवर पोचा आणि अकराला उतरा. येताना गावात ज्यांनी जोडी पहिल्यांदा दाखवली त्यांच्या घरी चहा घ्या आणि वही त्यांच्याकडेच ठेवून या. पुण्याला आणू नका. आमची वही आबांच्या घरी कोनाड्यात असते, त्यांना लिहिता येत नाही, नात लिहिते, आणि तिच्या नोंदी माझ्यापेक्षा नीटनेटक्या असतात. गेल्या मार्चमधली एक अशी आहे: "आज पाखराने पहिल्यांदा पंख हालवले. आबा जेवायचे थांबले."